एक गासडी आणि चार मोजण्या: अक्रातल्या बारा दिवसांच्या क्षेत्र-अभ्यासक्रमाचं प्रकरण

हे प्रकरण एका विद्यापीठाच्या विकास-अभ्यास विभागाचं आहे. विद्यापीठाची आणि माणसांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. बाजार मात्र खरा ठेवला आहे, कारण तो बदलला तर सांगण्यासारखं फारसं उरत नाही. मी या अभ्यासक्रमाची सहशिक्षिका होते. म्हणजे हे लिखाण निर्णय घेणाऱ्यांपैकीच एकीचं आहे, बाहेरून आलेल्या परीक्षकाचं नाही.

पार्श्वभूमी

२०२४ मध्ये पदव्युत्तर वर्गातले १६ विद्यार्थी आणि आम्ही दोघं शिक्षक बारा दिवसांसाठी घानाची राजधानी अक्रा इथे गेलो. विषय जागतिकीकरण, श्रेयांक तीन. असे आखूड परदेशी अभ्यासक्रम आता नवलाईचे राहिलेले नाहीत. अमेरिकेतून परदेशी शिकायला जाणाऱ्यांमध्ये उन्हाळ्यापुरते किंवा आठ आठवड्यांच्या आत परतणारेच जास्त असतात. युरोपात विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीसाठीच्या इरॅस्मस प्लस योजनेच्या २०२१ पासूनच्या टप्प्यात ५ ते ३० दिवसांचा प्रत्यक्ष मुक्काम आणि त्याला ऑनलाइन भागाची जोड, असा रीतसर प्रकारच आहे. अख्खं सत्र बाहेर काढणं बहुतेकांना पैशाने झेपत नाही, वेळेनेही नाही. त्यामुळे 'बारा दिवसांत काय कळणार?' हा प्रश्न मला थोडा ऐटबाज वाटतो. बारा दिवस किंवा काहीच नाही, एवढेच पर्याय अनेकांसमोर असतात. बारा दिवसांचं करायचं काय, हा खरा प्रश्न.

आम्ही जे करायचं ठरवलं होतं ते असं: तेमा बंदर, कांतामांतोचा जुन्या कपड्यांचा बाजार, मकोला बाजार, कोको व्यापाराचं नियमन करणारं सरकारी मंडळ, १९६५ चं अकोसोंबो धरण, पोर्तुगिजांनी १४८२ मध्ये बांधायला घेतलेला एल्मिनाचा किल्ला, शेजारचा केप कोस्टचा किल्ला आणि शेवटी एक सॉफ्टवेअर कंपनी. आठ ठिकाणं. 'पाच शतकं, बारा दिवस' असं माझ्या सहकाऱ्यांनी माहितीपत्रकावर छापलं, तेव्हा मला त्याचं कौतुकच वाटलं होतं. ते पत्रक मी अजूनही नव्या सहकाऱ्यांना दाखवते, कारण मात्र बदललं आहे.

कांतामांतोला अर्धा दिवस दिला होता. अक्राच्या मध्यवस्तीतला हा बाजार जुन्या कपड्यांच्या व्यापारातल्या जगातल्या मोठ्या ठिकाणांपैकी एक. ब्रिटन, अमेरिका, कॅनडा, युरोप इथे दान म्हणून किंवा नकोसे म्हणून दिलेले कपडे व्यापारी विकत घेतात. त्यांची प्रतवारी होते, ते दाबून गासड्यांमध्ये बांधले जातात आणि कंटेनरमधून तेमाला उतरतात. काही माल शारजा, कराची, कांडला अशा ठिकाणी पुन्हा निवडला जाऊन पुढे आफ्रिकेत जातो. घानात या कपड्यांना 'ओब्रोनी वावू' म्हणतात, म्हणजे मेलेल्या गोऱ्या माणसाचे कपडे. इतके चांगले कपडे जिवंत माणूस कशाला टाकेल, हा त्या नावामागचा तर्क.

निघण्यापूर्वीच्या वाचनात एक आकडा सगळ्यांच्या डोक्यात पक्का बसला होता. द ऑर फाउंडेशन या संस्थेच्या अंदाजानुसार घानात आठवड्याला सुमारे दीड कोटी कपडे येतात आणि कांतामांतोत आलेल्या मालापैकी जवळपास ४० टक्के शेवटी कचरा म्हणून बाहेर पडतो. समुद्रकिनाऱ्यावर वाळूत रुतलेल्या कपड्यांच्या दोरखंडासारख्या गुंत्यांची छायाचित्रं आम्हीच वर्गात दाखवली होती. ती खोटी नव्हती. पण आमची मुलं विमानात बसली तीच निष्कर्ष सोबत घेऊन, हे आमच्या लक्षात आलं नाही.

काय बिघडलं

तिसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता आम्ही अठरा जण एका ओळीत बाजारात शिरलो. गल्ली एवढी अरुंद की समोरून ओझं आलं की भिंतीला चिकटावं लागतं. ते ओझं म्हणजे बहुतेक वेळा डोक्यावर गासडी घेतलेली एखादी तरुण मुलगी. एका गासडीचं वजन साधारण ५५ किलो. उत्तर घानातून कामासाठी आलेल्या या हमाल मुलींना 'कायायेई' म्हणतात. हौसा भाषेत 'काया' म्हणजे ओझं आणि उरलेला शब्द गा भाषेतला, बायका या अर्थाचा.

पुढच्या दहा मिनिटांत दोन गोष्टी घडल्या. एका विद्यार्थ्याने अशाच एका मुलीचा फोटो काढला आणि तिथल्या तिथे वर्गाच्या गटावर टाकला. दुसऱ्या विद्यार्थिनीने शर्ट विकणाऱ्या एका बाईंना विचारलं, "यातला कचरा किती निघतो?" आमच्या प्रश्नावलीत हा प्रश्न सातवा होता. तिने तो पहिला विचारला.

त्या बाई ट्वी भाषेत काहीतरी बोलल्या. यजमान विद्यापीठातल्या आमच्या समन्वयक क्षणभर घुटमळल्या आणि मग भाषांतर करून म्हणाल्या, "त्या विचारताहेत, कचरा असता तर मी कर्ज काढून घेतला असता का?"

तोवर फोटोवरून गलका झाला होता. विक्रेत्यांपैकी एक वयस्क गृहस्थ पुढे आले. अत्यंत सभ्यपणे, पण पुन्हा विचारायला जागा न ठेवता त्यांनी सांगितलं की आज तुम्ही निघा. आम्ही निघालो. अर्ध्या दिवसाची भेट पंचवीस मिनिटांत आटोपली.

त्या रात्रीचे पर्याय

विद्यार्थी बसमध्ये गप्प होते. रात्री बैठकीत मात्र सगळे एकदम बोलायला लागले. "मॅडम, आपण चुकीचं काय विचारलं? आकडा तर छापलेला आहे," असं एकाने म्हटलं आणि मला उत्तर सुचलं नाही. आकडा छापलेला होता, हे खरंच होतं.

आमच्यापुढे चार वाटा होत्या. पहिली, बाजार सोडून द्यायचा आणि ठरल्याप्रमाणे चौथ्या दिवशी केप कोस्टला निघायचं. माझ्या सहकाऱ्यांचा कल इकडे होता. त्यांचा मुद्दा हलका नव्हता: माफी मागायच्या नावाखाली पुन्हा जाऊन त्याच माणसांचा आणखी वेळ खाणं हाही एक प्रकारचा हक्कच गाजवणं आहे. दुसरी वाट, कपड्यांच्या कचऱ्यावर काम करणाऱ्या एखाद्या संस्थेच्या मार्गदर्शनाखाली बाजार पाहायचा. त्यात धोका कमी होता, पण जो निष्कर्ष घेऊन आलो तोच ठसठशीत होऊन परत गेला असता. तिसरी, काही रक्कम किंवा भेटवस्तू देऊन प्रकरण मिटवायचं. समन्वयकांनी याला ताबडतोब नकार दिला आणि त्यांचं बरोबर होतं.

चौथी वाट त्यांनीच सुचवली. बाकीची ठिकाणं कमी करा, बाजाराला चार दिवस द्या, चार-चारांच्या गटात या आणि तेही कोणी 'या' म्हटलं तर. "तुम्हाला तिथे बघायला काही नाही, थांबायला आहे," असं काहीसं त्या म्हणाल्या.

इथे एक गोष्ट कबूल करायला हवी. चर्चेत आम्ही शिक्षणाची भाषा वापरत होतो, पण मनात हिशेब होता तो केप कोस्टच्या बसची आणि मुक्कामाची आगाऊ भरलेली रक्कम बुडण्याचा. शिवाय गुलामांच्या व्यापाराशी जोडलेले ते किल्ले पाहण्यासाठीच हा अभ्यासक्रम निवडलेले तीन-चार विद्यार्थी होते. त्यांना काय सांगायचं? जागतिकीकरणाची सुरुवात कंटेनरपासून होत नाही, हे त्यांचं म्हणणं आमच्याच व्याख्यानातून उचललेलं होतं.

निर्णय आणि त्याच्या अटी

रात्री साडेअकराला आम्ही चौथी वाट धरली. केप कोस्ट, एल्मिना, धरण आणि सॉफ्टवेअर कंपनी रद्द. मकोलाची फेरी ऐच्छिक. बंदर आणि कोको मंडळ तेवढं राहिलं. दुसऱ्या दिवशी समन्वयक आणि मी, दोघीच बाजारात गेलो. फोटो पुसला असल्याचं सांगितलं, तो गटावर गेला होता हेही सांगितलं. हे दुसरं सांगायचं की नाही यावर आमच्यात वाद झाला होता. सांगितलं ते बरं झालं, कारण त्या वयस्क गृहस्थांचा पहिला प्रश्न तोच होता.

त्यांच्या अटी साध्या होत्या. एका वेळी चारपेक्षा जास्त माणसं नकोत. फोन पिशवीत. गर्दीच्या वेळी वाट अडवायची नाही. आणि विक्रेत्याचा वेळ गेला तर त्याचे पैसे.

शेवटच्या अटीवर आम्ही अडखळलो. मुलाखतीचे पैसे दिले की माणूस आपल्याला हवं ते बोलतो, असं पद्धतिशास्त्राच्या तासाला आम्ही शिकवत आलो आहोत. शेवटी विक्रेतीच्या मदतनिसाला दिवसभर मिळतं तेवढा मोबदला द्यायचा, तो सगळ्यांना सारखा द्यायचा आणि प्रत्येक अहवालात त्याची नोंद करायची असं ठरलं. फुकट मुलाखत निर्मळ असते, हे गृहीतकच मला आता संशयास्पद वाटतं. फुकट बोलणाराही काहीतरी मोजत असतोच.

दुसरा निर्णय जास्त जड गेला. कायायेई मुलींच्या मुलाखती घ्यायच्या नाहीत, असं आम्ही ठरवलं. त्यातल्या काही अठरा वर्षांखालच्या असू शकतात. अनेकींची भाषा दागबानी, आमच्या दुभाषाला ती येत नव्हती. अल्पवयीनांच्या संमतीसाठी लागणारी मंजुरी आम्ही घेतलेली नव्हती. ज्या विद्यार्थिनीने स्थलांतरित मजूर मुलींवरच निबंध लिहायचं ठरवलं होतं, ती म्हणाली, "म्हणजे सगळ्यात जास्त ओझं जिच्या डोक्यावर आहे, तीच आपल्या अहवालात नाही." तिचं बरोबर होतं. निर्णय बदलला नाही. तिच्या अहवालात ती जागा कोरी का आहे, याचा एक परिच्छेद तिने लिहिला आणि अख्ख्या वर्गाच्या कामात तो मला सर्वांत चांगला वाटला.

गासडी

कचऱ्याच्या प्रश्नावर भडकलेल्या त्याच बाईंनी एका गटाला पहाटे बोलावलं. हे का केलं ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

गासडी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली, पट्ट्यांनी आवळलेली. वर माल कोणता ते लिहिलेलं, पुरुषांचे शर्ट, बस. आत काय आहे ते विकत घेणाऱ्याला दिसत नाही. पैसे आधी, माल नंतर. बाईंनी सुरी लावली तशी पट्टी फटकन उडाली आणि दाबलेले शर्ट हळूहळू फुगत वर आले. भोवती सात-आठ गिऱ्हाइकं आधीच उभी होती. ही पहिली निवड करणारी मंडळी, स्वतः किरकोळ विकणारी. बाई शर्ट उचलताना आधी कॉलरची आतली बाजू बघायच्या, मग काखा, मग बटणं. एका शर्टला दोन-तीन सेकंद. कॉलर मळकट असेल तर बाकी शर्ट कितीही चांगला असला तरी दुसऱ्या ढिगात. पहिला ढीग अर्ध्या तासात संपला. दुसरा दिवसभर पुरायचा. तिसरा स्वस्तातला. आणि एक छोटा चौथा, ज्याला तिथे 'बोला' म्हणतात. घानात बोला म्हणजे कचरा. आमच्यातली मराठी मुलं पहिल्यांदा तो शब्द ऐकून हसली, मग तो बरोबर लिहून घेतला.

वहीत लिहायचं काम एका अबोल विद्यार्थ्याकडे होतं. त्याने सकाळी साडेसहाला चारही ढीग मोजले. दहा वाजता करण्यासारखं काही नव्हतं म्हणून पुन्हा मोजले. मग दोनला आणि शेवटी पाचला. चारही वेळा उत्तर वेगळं. सकाळी चौथ्या ढिगात टाकलेले काही शर्ट दुपारी एक शिंपी घेऊन गेला, चांगल्या कापडाचे तुकडे जोडायला. तिसऱ्या ढिगातला एक पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट भाव उतरवल्यावर पाचच्या सुमाराला गेला. उलट दुसऱ्यातले काही न खपल्यामुळे संध्याकाळी तिसऱ्यात आले.

रात्री तो वही घेऊन आला. "मॅडम, कचरा किती हे विचारताना किती वाजता हे विचारायला पाहिजे." मला वाटतं, बारा दिवसांचे पैसे त्या वाक्यात वसूल झाले.

याच आकड्यावरून घानात खरंच मोठा वाद आहे. जुन्या कपड्यांच्या व्यापाऱ्यांची संघटना कचऱ्याचं प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास असल्याचं सांगते. ४० आणि ५ यांत खोटं कोण बोलतंय, हा विद्यार्थ्यांचा पहिला प्रश्न असायचा. आता ते विचारू लागले की मोजणी गासडी फोडतानाची की बाजाराच्या शेवटाची, न खपलेला आणि न खपणारा माल एकच धरला का, आणि इथून दुसऱ्या गावच्या बाजारात गेलेला शर्ट कुठल्या रकान्यात? आमच्या वहीने वाद सुटला नाही. एका बाईंच्या चार दिवसांच्या गासड्यांवरून तो सुटणारही नव्हता, आणि असं लिहिण्याचा मोह दोन अहवालांना झालाच.

दुसरी गोष्ट कळली ती कर्जाची. आयातदार परकीय चलनात माल घेतो, बाई सेडीत, म्हणजे घानाच्या चलनात, विकतात. २०२२ मध्ये सेडी घसरला, वर्षाअखेरीस महागाई ५० टक्क्यांच्या वर गेली आणि डिसेंबरात घानाने बऱ्याचशा परकीय कर्जाची फेड थांबवली. बाईंनी हे सगळं एका वाक्यात सांगितलं: गासडीचा भाव वर गेला, आतला माल उतरला. विनिमय दर शिकवायला मी आजवर आलेख वापरत होते.

निष्पत्ती

गुणांच्या हिशेबात निकाल संमिश्र होता. चारपैकी दोन गटांचे अहवाल चांगले आले, एक बरा, एक सपशेल फसला. फसलेल्या गटाच्या विक्रेत्याने दुसऱ्याच दिवशी त्यांना नको म्हटलं आणि आमच्याकडे पर्यायी योजना नव्हती. त्यांनी उरलेले दिवस वाचनावर काढले, जे घरी बसूनही झालं असतं.

जाण्यापूर्वीच्या टिपणांत 'जुन्या कपड्यांच्या आयातीवर बंदी घालावी' असं अकरा जणांनी लिहिलं होतं. परतल्यावर दोघांनी. बाकीच्यांनी उत्तर बदललं म्हणून मला आनंद नाही, कारण बंदीची बाजूही भक्कम आहे. पण ज्या दोघांनी ती टिकवली त्यांनी तरी आता पूर्व आफ्रिकेचा अनुभव जमेस धरला होता. २०१६ मध्ये तिथल्या देशांनी जुने कपडे टप्प्याटप्प्याने बंद करायचं ठरवलं, रवांडाने आयात शुल्क वाढवून ते रेटलं आणि २०१८ मध्ये अमेरिकेने रवांडाच्या तयार कपड्यांची शुल्कमाफी स्थगित केली. बंदी घालणाऱ्या देशाला बंदीचा अधिकार कितपत असतो, हा प्रश्न वाचनयादीत पहिल्यापासून होता. तो कोणी वाचला नव्हता इतकंच.

केप कोस्ट हुकलेल्या तिघांनी विभागप्रमुखांकडे लेखी तक्रार केली. कबूल केलेला अभ्यासक्रम दिला नाही, ही ती तक्रार होती आणि ती रास्त होती. आम्ही दिलगिरी व्यक्त केली. भरपाई देता आली नाही.

समन्वयकांनी दोन आठवड्यांच्या कामाच्या दुप्पट काम केलं. त्यांचा बाजारातला शब्द पणाला लागला होता, आमचा नव्हता. आमच्या अंदाजपत्रकात त्यांच्या नावापुढे 'मानधन' म्हणून एक रक्कम होती, विमानतळावरच्या बसभाड्यापेक्षा थोडी जास्त. ही या प्रकरणातली मला सर्वांत लाजिरवाणी वाटणारी ओळ.

आता करायचं झालं तर

ठिकाणं दोन, जास्तीत जास्त तीन, हे आता ठरलं आहे. किल्ले त्यात असतील तर बाजार नसेल. दोन्हींना न्याय देता येतो असं आता आम्ही पत्रकावर छापत नाही. पहिल्या दिवशी बाजारात जायचंच नाही. आधी समन्वयक आणि एक शिक्षक विक्रेत्यांना भेटतील, अटी ऐकतील, मग बाकीचे.

वाचनाचा क्रम मी उलटा करेन. छायाचित्रं शेवटी. आधी पावत्या, कंटेनरचे मार्ग, विनिमय दर. हृदयद्रावक चित्र आधी दाखवलं की पुढचं सगळं त्याची पुरवणी होऊन बसतं. सहकाऱ्यांना हे पटलेलं नाही. चित्रांशिवाय मुलं नावच नोंदवणार नाहीत, असं ते म्हणतात.

प्रत्येक गटाला एक पर्यायी काम आधीच ठरवून द्यायला हवं होतं. आणि मुलाखत नाकारण्याचा अधिकार कागदावर लिहायचा तर तो वापरला जाईल हे गृहीत धरूनच वेळापत्रक करायला हवं. आम्ही तो संमतिपत्रात लिहिला आणि विसरलो.

एका गोष्टीला आमच्याकडे अजून उत्तर नाही. १ जानेवारी २०२५ च्या रात्री कांतामांतोला आग लागली आणि बाजाराचा मोठा भाग जळाला. दुसऱ्या दिवशी सकाळी वही लिहिणाऱ्या विद्यार्थ्याचा मला फोन आला. त्या बाईंचा गाळा गेला होता, समन्वयकांनी कळवलं होतं. विद्यार्थ्यांनी आपसांत पैसे गोळा करून पाठवले. अभ्यासक्रम म्हणून आम्ही काय करायचं हे कोणत्याच नियमावलीत नव्हतं, कारण नियमावलीप्रमाणे अभ्यासक्रम परतीच्या विमानात संपतो. वहीची छायाप्रत आम्ही बाईंना कधी दिलीच नव्हती, हेही त्याच दिवशी लक्षात आलं. ती पाठवली.

पुढच्या फेरीच्या अंदाजपत्रकात मी 'परतल्यानंतर' असा एक रकाना घातला आहे आणि त्यात थोडी रक्कम धरली आहे. लेखा विभागाने कागद शेरा मारून परत पाठवला: अभ्यासक्रम संपल्यानंतरचा खर्च अभ्यासक्रमाचा कसा, ते स्पष्ट करावे. त्याचा खुलासा लिहायला घेतला आहे. तिसरा मसुदा चालू आहे.